मोठ्या टायपात फक्त पोथीच का? मराठी प्रकाशकांना एका 75 वर्षांच्या वाचक बाईचं खुलं पत्र

समस्त मराठी प्रकाशक मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

मागं आमच्या सांगलीत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथली गोष्ट आधी सांगते म्हणजे पत्र कशासाठी लिहितेय ते लगेच कळेल. एका स्टॉलवर एक जाडजूड कादंबरी दिसली, बरेच दिवस मनात होती, उचलली आणि उघडली तर अक्षर एवढं बारीक की चष्मा वर-खाली करून दोन ओळी कशाबशा लागल्या. स्टॉलवरच्या पोराला विचारलं, बाळा, याचं ई-बुक आहे का रे? त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या केसांकडं बघितलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "आजी, ई-बुक वगैरे यंग लोकांचं काम. तुम्ही हे बघा ना, हे मोठ्या टायपात आहे." आणि हातात काय ठेवलं, तर हरिपाठ.

हरिपाठाशी माझं भांडण नाही. आईच्या मांडीवर बसून तो पाठ झालाय, त्याला मला पुस्तकच लागत नाही, टाइप मोठा असो की बारीक. पण घरी येताना रिक्षात एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की म्हणजे तुम्हाला माहिती आहे! म्हाताऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसत नाही हे तुम्हा लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहिती आहे, म्हणून तर गुरुचरित्र, शिवलीलामृत, नित्यपाठ सगळ्यांवर "ठळक व मोठ्या टायपात" असं कौतुकानं छापलेलं असतं. मग हेच ज्ञान पोथीच्या पलीकडं का नाही गेलं? साठी उलटली की माणूस फक्त पारायणच करतं असं कुणी ठरवलं? मला खून कुणी केला ते वाचायचंय. मला प्रवासवर्णनं वाचायचीत, आत्मचरित्रं वाचायचीत, कोण कुणाबद्दल काय खवचट लिहितंय ते वाचायचंय. पुण्य नंतर बघू.

आता "आजी आणि मशीन" या विषयावर तुमचा गैरसमज असेल तर तोही आत्ताच काढून टाकते. मी 1972 ला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड, आणि पलीकडून कुणीतरी ओरडतंय की बाई माझा मुंबईचा कॉल सकाळी बुक केलाय अजून लागला नाही. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी, कॉलचे सगळे प्रकार तोंडपाठ. मग एसटीडी आलं, इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं, कॉर्ड गेल्या, कॉम्प्युटर आले, 2000 साली खात्याचं बीएसएनएल झालं, आणि प्रत्येक वेळी साहेब लोकांना वाटायचं की या बायकांना जमणार का, आणि प्रत्येक वेळी आम्ही आठ दिवसांत शिकून साहेबालाच शिकवायचो. 2010 ला रिटायर झाले. त्यामुळं कुणी मला "तुम्हाला नाही जमणार हो काकू" म्हणालं की हसू येतं. तुमच्या आज्यांनी आणि आत्यांनी हा देश फोनला जोडलाय, विसरू नका.

तर ई-रीडरकडं मी आले ती हौसेनं नाही, पुरानं आले. 2019 चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या पुढं गेलं तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं, आणि खाली आमच्या घरात कमरेएवढं पाणी. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा फ्रिज आडवा झालेला, पण मला आठवतं ते पुस्तकांचं कपाट. लाकूड फुगून दारच उघडेना, शेवटी पहारीनं काढलं. खालचे तीन कप्पे गेले होते. भिजलेलं पुस्तक बघितलंय का तुम्ही कधी? ते दुप्पट जाड होतं, बाकीच्यांना असं काही घट्ट रेटून बसतं की एक काढायला गेलं की कप्पाच हालतो. मी ती गच्चीवर पसरली, ऊन नव्हतंच, म्हणून मग वरच्या मजल्यावर फॅनखाली दोऱ्यांवर साड्या वाळत घालाव्यात तशी वाळत घातली. आर्ट पेपरवाली तर एकजीव झाली, वीट. चार दिवसांनी हिरवी-काळी बुरशी धरली आणि जो वास सुटला तो अजून नाकात आहे. पोत्यात भरून कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये टाकली. चाळीस वर्षांची होती, लग्नात आलेली दोन होती, पहिल्या पगाराचं एक होतं. आमचे हे काही बोलले नाहीत, नुसते ट्रॅक्टरच्या मागं कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

त्या दिवाळीला मुलानं पुण्याहून ई-रीडर आणला. म्हणाला आई, आता पूर आला तर हे पर्समध्ये घाल आणि वर जा. मी म्हटलं काय पाटीसारखं दिसतंय, आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी रात्री लाइट गेले, इन्व्हर्टर संपला, झोप येईना, तेव्हा उघडलं. सकाळी चारला ठेवलं.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हे मोबाइलसारखं नसतं. मोबाइल डोळ्यात बॅटरी मारतो, हे मारत नाही. मी इंजिनिअर नव्हे पण खात्यात आयुष्य गेलं त्यामुळं आत काय आहे हे बघितल्याशिवाय राहवत नाही. याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक बारीक कुप्या असतात, प्रत्येकीत पांढरे कण आणि काळे कण, दोघांवर उलटसुलट विद्युतभार. खालनं करंट दिला की एक जात वर येते आणि दुसरी खाली बसते. काळे वर आले की अक्षर. आणि एकदा बसले की बसले, पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे पुरतं. वजन साधारण दोनशे ग्रॅम, म्हणजे पावशेरापेक्षा कमीच. माझ्या डाव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे, सातशे पानांचं पुस्तक पलंगावर पडून धरायचं म्हणजे मला आता शिक्षा आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अक्षर आपल्याला पायजे तेवढं मोठं करता येतं. प्रत्येक पुस्तक मोठ्या टायपात! पोथीवाल्यांची मक्तेदारी संपली म्हणायची.

निदान मला असं वाटलं होतं.

कारण मग मी पुरात गेलेली पुस्तकं शोधायला लागले. यादी केली होती, एकशे बारा. त्यातली नव्वदच्या वर छापील मिळत नाहीत, आउट ऑफ प्रिंट, ठीक आहे, हजार प्रती काढायच्या आणि गोडाऊनमध्ये सांभाळत बसायच्या हे तुम्हाला परवडत नाही हे मला कळतं. पण ई-बुकला गोडाऊन लागत नाही ना हो. तरी त्या यादीतली ई-बुकं मिळाली सात. सात! किंडल, म्हणजे अॅमेझॉनचा ई-रीडर, भारतात आला 2012 ला, त्यावर मराठी पुस्तकं यायला लागली 2016 च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम यांच्याबरोबरच, म्हणजे आपण काही मागं नव्हतो, पहिल्या पंगतीला होतो. बुकगंगासारखी मराठी ई-बुकं विकणारी पुण्याची माणसं त्याच्या आधीपासून धडपडत होती. आठ कोटी माणसं ही भाषा बोलतात, 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी पेढे वाटलेत. आणि माझ्या यादीतली सात.

त्या सातातलं एक मी अगदी हौसेनं विकत घेतलं. प्रकाशकाचं नाव घेत नाही, नाव घेऊन काही साधत नाही, तुमच्यातले बरेच जण असंच करतात. उघडलं तर काय, पीडीएफ. छापील पानाचा जसाच्या तसा फोटो म्हणा ना. माझा पडदा सहा इंची, त्यावर अख्खं पान बसवलंय, अक्षरं म्हणजे साखरेच्या डब्याभोवतीच्या मुंग्या. टाइप मोठा करायचं बटण दाबलं तर ते चालतच नाही, कारण आत टाइप नाहीच, चित्र आहे. मग बोटांनी ताणून मोठं केलं, तर ओळीचा अर्धा भाग उजवीकडं पडद्याबाहेर. म्हणजे अर्धी ओळ वाचायची, सरकवायचं, उरलेली अर्धी वाचायची, परत डावीकडं यायचं, तोवर कुठल्या ओळीवर होतो ते हरवतं. आणि प्रत्येक सरकवण्याला पडदा एकदा काळा होऊन परत येतो, डोळा मारल्यासारखा. तीन पानं वाचली. चौथ्या पानावर नायक रेल्वेतून उतरत होता, तो अजून उतरतोयच.

मी त्या प्रकाशकांना फोन केला. एकजण चांगलं बोलले, म्हणाले मॅडम, ते ई-बुकच आहे, इलेक्ट्रॉनिक आहे ना? म्हटलं अहो, माझी कणीक मळायची मशीनपण इलेक्ट्रॉनिक आहे.

आता यात नेमकं अडतं कुठं हे मला माझ्या भाच्यानं समजावलं. तो पुण्यात डीटीपी करतो, म्हणजे छपाईआधी पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर लावतो, तुमच्यापैकी काहींची कामं त्याच्याकडंच येतात. तो सांगतो की मावशी, लेखक हल्ली बहुतेक युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनला कळेल अशा मराठीत, टाइप करून देतात, मोबाइलवरसुद्धा. पण पुस्तक लावायचं असतं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, कारण हात बसलाय, आणि ते फॉन्ट दिसायला खरंच सुंदर आहेत. त्या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की पडद्यावर "क" दिसतो पण कॉम्प्युटरच्या पोटात तो कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसलेला असतो. आपल्याला मराठी दिसतं, मशीनला बडबड दिसते. म्हणजे लेखकाकडून चांगलं युनिकोड आलं, ते ऑपरेटरनं मोडून जुन्या फॉन्टात नेलं, मग तीन प्रुफं झाली, लेखकानं शेवटच्या मिनिटाला दोन प्रकरणं बदलली, हे सगळं त्या जुन्या फॉन्टातल्या फाइलवर. छपाई झाली. आता वर्षभरानं कुणी ई-बुक मागितलं की लेखकाची मूळ फाइल असते पण ती शिळी, आणि शेवटची फाइल असते पण ती मशीनला कळत नाही. मग ती परत कन्व्हर्टरमधून काढायची, त्यात जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या पळतात, आणि परत प्रूफ वाचायला पैसे कोण देणार. म्हणून पीडीएफ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपयोगी.

काहींनी कन्व्हर्टरमधून काढून तसंच विकायला ठेवलंय. असं एक ऐतिहासिक पुस्तक मी घेतलं होतं. "विठोजी" च्या जागी "िवठोजी", पहिली वेलांटी घोड्यापुढं गाडी बांधल्यासारखी पुढं. "ऱ्य" मेलाय सगळीकडं, त्यामुळं "सह्याद्रीच्या दऱ्यांतून घोडदळ उतरलं" असं जिथं असणार तिथं "सह्याद्रीच्या दर्यांतून घोडदळ उतरलं". दर्यातून घोडदळ! मी एकटीच बसून इतकी हसले की आमचे हे आतून विचारायला आले काय झालं. शाळेत आम्हाला गुरुजींनी "आचाऱ्यास" आणि "आचार्यास" यावर छड्या मारल्यात हो. आणि तो "ल" आणि "श" हिंदी वळणाचा, त्याचं तर विचारूच नका, सरकारनं 2009 ला जीआर काढून मराठी वळणाचा ल आणि श ठरवून दिलाय, तो जीआर फॉन्टवाल्यांपर्यंत बहुतेक पोस्टानं पाठवलाय. पण हे मी सोडून देते, ल कसाही असला तरी कथा कळते.

तर मागणी मोठी नाही. नवीन पुस्तक लावताना युनिकोडमध्येच लावा. भाचा सांगतो इनडिझाइन नावाचं पानं लावायचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या नव्या आवृत्तीत व्यवस्थित होतं, चांगले युनिकोड फॉन्ट पण आता आहेत, फक्त ऑपरेटरला महिनाभर शिव्या घालायला वाव द्या. शेवटची, प्रूफ झालेली फाइल ती तीच एक राहू दे, त्यातनंच छापील आणि त्यातनंच ई-बुक. आम्ही कॉर्ड बोर्ड सोडून कीबोर्डवर आलो तेव्हा आम्हालाही महिनाभर बोटं दुखली होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या बाईच्या एकटीच्या हट्टापायी एवढं कशाला. एकटी नाहीये मी. आमच्या कॉलनीत बुधवारी संध्याकाळी पाच-सहा जणी जमतो, आधी भिशी होती, आता भिशी अधिक ई-रीडर असं झालंय. वरच्या मजल्यावरच्या वहिनी बेचाळीस साली जन्मलेल्या. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्हीकडची झालीत, तरी डोळ्याच्या पडद्याला, रेटिनाला काहीतरी आहे, मधोमध धूसर दिसतं. पेपरचे मथळे तेवढे वाचायच्या. त्यांच्या हातात माझा रीडर दिला आणि अक्षर वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेलं, पानावर मोजून तेरा शब्द. वहिनींनी वाचायला सुरुवात केली, आणि पान उलटायची वेळ आली तशी बोट जिभेला लावून ओलं केलं आणि पडद्यावर टेकवलं. सगळ्या हसलो. पण गंमत म्हणजे पान उलटलं! आणि माझं कोरडं बोट कितीदा टेकवलं तरी उलटत नाही. म्हातारपणी कातडी कोरडी होते, या काचेला कोरडं बोट बोटच वाटत नाही. हयातीच्या दाखल्याच्या मशीनवर पण तेच, ठसे झिजलेले, मशीन म्हणतं तुम्ही जिवंत आहात याचा पुरावा नाही. आता चेहरा दाखवून होतो म्हणून बरं. तर त्या दिवशी वहिनींनी दहा-दहा सेकंदाला बोट ओलं करत पाऊण तास वाचलं, कुणाशी बोलल्या नाहीत, चहा गार झाला. जाताना म्हणाल्या, तीन वर्षांनी स्वतः वाचलं गं, नाहीतर नातीची मनधरणी करायची, आणि ती मधल्या ओळी गाळते.

मधल्या ओळी गाळते. हे वाक्य मला फार लागलं.

दोन महिन्यांनी वहिनींनी स्वतःचा घेतला, नवा, स्वतःच्या पेन्शनमधून. आता त्यांना रोज एक पुस्तक पायजे आणि मला रोज शोधून द्यायला लागतं, आणि मी काय देते माहितीये? इंग्रजीतून मराठीत आलेले अनुवाद नाहीतर जुनी कॉपीराइट संपलेली. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की आपल्याकडं हक्क संपतात, म्हणजे हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी हे सगळे आता सगळ्यांचे. ई साहित्य प्रतिष्ठानची मंडळी फुकट पुस्तकं वाटतात, सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं ढीगभर पुस्तकं वेबसाइटवर ठेवलीत, विश्वकोश तर अख्खा ऑनलाइन आहे. ही सगळी पुण्याची कामं. पण वहिनी परवा म्हणाल्या, गं, आत्ताचे लोक काय लिहितात ते पण दे की. आत्ताचे लोक तुमच्याकडं आहेत. खिशात पैसे घेऊन उभ्या आहेत बेचाळीस सालच्या वहिनी.

चोरीचा विषय तुम्ही काढणार हे मला माहिती आहे, म्हणून मीच काढते. हो, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्कॅन केलेली पुस्तकं येतात. कुणीतरी छापील पुस्तक मोबाइलनं फोटो काढून, कडेला स्वतःचा अंगठा आलेला, पीडीएफ करून फिरवतं, खाली लिहितं "वाचून झाल्यावर डिलीट करावे" आणि हात जोडलेले इमोजी. फिरवणारे सगळे साठीच्या वरचे, एरवी देवळात चपला सरळ लावणारे. मीही एक वाचलंय, खोटं कशाला बोलू. चोरी ती चोरीच, लेखकाच्या पोटावर पाय. पण एक बघा, ती सगळी पुस्तकं अशी आहेत की जी विकत मिळतच नाहीत, ना कागदावर ना रीडरवर. मिळणारं पुस्तक आमच्या ग्रुपवर मी तरी फिरताना बघितलं नाही, कारण ते अंगठेवालं पीडीएफ वाचण्यापेक्षा दीडशे-दोनशे रुपये टाकणं परवडतं, डोळ्यांना. तुम्ही ई-बुक काढत नाही चोरीच्या भीतीनं, आणि काढत नाही म्हणून चोरी होते. नवरा लवकर घरी येत नाही म्हणून बायको चिडते आणि बायको चिडते म्हणून नवरा येत नाही, तसलं हे.

आणि भीतीपोटी जे काहीजण करतात ते म्हणजे स्वतःचं वेगळं अॅप. पुस्तक फक्त त्याच अॅपमध्ये, म्हणजे मोबाइलवरच, रीडरवर नाहीच. ते उघडायला ओटीपी. ओटीपी येतो तेव्हा चष्मा आतल्या खोलीत, चष्मा आणेपर्यंत वेळ संपलेली. अॅपमधली अक्षरं पांढऱ्यावर करडी, बटणं तांदळाएवढी. एक अॅप तर बंदच पडलं, त्यात माझी नऊ पुस्तकं होती, विकत घेतलेली, पावत्या आहेत. पुरात गेली तेव्हा निदान वास तरी आला होता.

आमच्या ह्यांची पण बाजू मांडते, कारण ते स्वतः लिहिणार नाहीत. त्यांना काचबिंदू आहे, उशिरा कळला, आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं, अक्षर मोठं केलं तर उलट त्रास, एका वेळी दोनच अक्षरं नळीत मावतात. ते ऐकतात. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं अॅप 2017 ला इकडं आलं तेव्हापासून मराठीही आहे त्यावर, ते त्यांना आवडतं, फक्त निवेदकाचा आवाज चांगला असला की वीस मिनिटांत घोरायला लागतात आणि सकाळी कुठपर्यंत ऐकलं यावर भांडण. पण ऑडिओबुक किती निघणार, स्टुडिओ, आवाज, खर्च. त्यापेक्षा साधं युनिकोड ई-बुक असलं तर फोन स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवतो, मराठी आवाज आहे त्यात, जरा बातम्या सांगितल्यासारखं वाचतो पण वाचतो, आणि मधल्या ओळी गाळत नाही. पीडीएफच्या फोटोपुढं तो मुका. जुन्या फॉन्टपुढं तर तो असा काही बरळतो की भूत शिरलंय वाटावं. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं न दिसणाऱ्यांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात करायला मोकळीक दिलीय, त्याचसाठी झालेल्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारावर मोहोर उमटवणारा पहिला देश आपला, 2014 ला, आणि 2016 ला सुगम्य पुस्तकालय हे न दिसणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन वाचनालय सुरू झालं. कायदा आहे, जागा आहे. तिथं मराठी पुस्तक चढवायचं तर कुणीतरी स्वयंसेवक बसून छापील पान स्कॅन करून चुका काढत बसणार, जेव्हा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अख्खं पुस्तक पडलेलं आहे. ती फाइल द्या की. त्यात तुमचं काय जातंय?

पैशाचं म्हणाल तर सरकारचंही चुकतंय, ते तुमच्या माथी मारत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि ई-बुकवर आधी 18 टक्के, 2018 ला 5 वर आणला, तोही छापील आवृत्ती असेल तरच. म्हणजे ज्याला कागद वाचता येत नाही त्यानं कर भरायचा. त्यासाठी तुम्ही दिल्लीला लिहा, खाली सही मी करते, वहिनी पण करतील.

दिवाळी अंकांबद्दल वेगळं पत्र लिहायला पायजे, पण दोनच ओळी. 1909 ला मनोरंजन मासिकानं सुरू केलेली परंपरा, अभिमान आहे, दरवर्षी चार तरी घेतेच. पण जांभळ्या पानावर गडद निळ्या अक्षरात कविता छापायची कल्पना ज्यांना सुचते त्यांना एकदा माझा चष्मा घालून बघायला द्या. आणि डिजिटल अंक म्हणून दोन कॉलमचं पीडीएफ पाठवू नका. डाव्या कॉलमच्या तळाला जायचं, मग परत वर चढायचं, परत खाली, जिना चढल्यासारखं. गुडघ्यांना तो नको म्हणून तर घरात बसून वाचतो ना आम्ही.

कागदाविरुद्ध मी नाही, हे सांगायला पायजे नाहीतर लगेच कुणीतरी नव्या पुस्तकाच्या वासावर कविता पाठवेल. वरच्या कप्प्यातली, पुरातून वाचलेली पुस्तकं अजून आहेत, रोज हात फिरवते. नातीसाठी छापीलच घेते. पण पुस्तकाचा वास घ्यायला नाक पुरतं, वाचायला डोळे लागतात, आणि डोळे आमचे गेलेत, वाचायची भूक नाही गेली. उलट आता वेळच वेळ आहे. तुम्हाला असं गिऱ्हाईक कुठं मिळणार सांगा, ज्याला सकाळी साडेचारला जाग येते आणि साडेसहापर्यंत काही काम नसतं.

माझ्या त्या यादीतली एकशे पाच अजून शिल्लक आहेत. कुणाला त्यातलं एखादं पुस्तक आपलं आहे का बघायचं असेल तर यादी पाठवते, युनिकोडमध्ये टाइप केलेली आहे, मोबाइलवर, एका बोटानं. सगळ्यात वरचं नाव ह्यांच्या आवडीचं आहे, ते ट्रॅक्टरच्या पोत्यात सगळ्यात वर होतं.

आपली,
सांगलीची एक रिटायर्ड टेलिफोन ऑपरेटर

ता. क. उत्तर जरूर पाठवा. पीडीएफ नको.